दाव्याला ढील

इंजिन खरखरायला लागलं म्हणून सिल्व्हियानं विमान सोनईजवळच्या आमच्या माळावर उतरवलं, आणि घटकाभरात सगळी वस्ती तिथं लोटली! पोरगी नगरची, शिकाऊ, पहिल्यांदाच एकटी लांब उडालेली. पश्चिमेला धुळीचा लोट उठत होता. विमान उलटलं तर आपल्याला पुन्हा एकटीला कुणी उडू देणार नाही, हे तिनं रडवेल्या आवाजात सांगूनच टाकलं.

"नाक वाऱ्याकडंच राहू द्या. दोन्ही पंख आणि शेपूट बांधायचंय," म्हणून ती विमान शिकवणाऱ्या सरांना फोन लावायला रेंज शोधत बांधावर गेली. मी मेखा-दोर आणायला घरी पळालो. दोर आवळण्यात माझा हात कोण धरणार? मी बांधलेल्या ट्रॉलीतून उसाचं एक टिपरू पडल्याचं कुणी दाखवावं!

परत येऊन बघतो तर विमानाचं तोंड पूर्वेला! चाकाखालचे दगड काढून गड्यांनी ते फिरवलेलं, आणि माझी आत्या रतनबाई कुंकवाचं ताट घेऊन समोर उभी.

"आत्या, ह्ये काय केलं?"

"नवं वाहन दारात आलंय, बन्स्या. तुझ्या टॅक्टरची पूजा कुठं तोंड करून केल्ती?"

माझं डोकंच सणकलं. तेवढ्यात सिल्व्हिया धावत आली. "अहो, वारा मागून शिरला तर उलथं होईल!"

"फिरवा!" मी ओरडलो. आत्यानं ताट टाकलं, पदर खोचला आणि पहिला हात तिनंच लावला. नाक पश्चिमेला येताच मी घणानं मेखा ठोकल्या आणि दोर करकचून आवळला.

"काका, एवढा नको! थोडी ढील द्या, पंखाला हिसका बसेल."

"ढील? अन् वादळात?"

"बैलाचं दावं आखूड बांधतो का रं?" आत्या करवादली. मी थोडा दोर सोडला.

मग वारा आला. डोळ्यांत माती, कानांत घोंघावणं! पंख उचलले, दोर ताणले, चाकं सुटतात की काय असं झालं. सिल्व्हियानं माझं मनगट गच्च धरलेलं. पण मेखा हलल्या नाहीत. दहा मिनिटांत वारा पुढं गेला आणि आम्ही म्हातारेकोतारेसुद्धा नाचलो.

"सर, उभं आहे!" सिल्व्हिया फोनवर हसत-रडत ओरडत होती.

आत्यानं मातीत सांडलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि पश्चिमेकडं वळलेल्या त्या नाकाला लावलं.

"तोंड कुठं का आसंना," ती म्हणाली, "उभं हाय ना!"