करीच्या दिवशीचं तिकीट

वजनकाटा पीऽप करून वाजला. दुपारपासून घरात तेवढाच आवाज झाला. साधनाने हुकाला लटकलेली बॅग खाली टेकवली, आकडा वाचला आणि वरचा एक स्वेटर काढून पलंगावर टाकला. लाइट गेली होती, पंखा थांबला होता. उंबऱ्याशी बसून नंदाबाई पोळ्यासाठी गेरू कालवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेल्यापासून त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आई, रागवा, पण बोला तरी काहीतरी."

"काय बोलू?" गेरूत बोट फिरतच राहिलं. "उद्या आवस. परवा पोळ्याची कर. करीच्या दिवशी माणूस तीर्थपुरीहून राजूरला जात न्हाई, अन् तू इटलीला चालली. माझ्या हरिओमनं तिकीट काढताना कॅलेंडर पाह्यलं न्हाई का? त्याच्याच बियाण्याच्या कंपनीचं हाये. त्यानंच खिळा ठोकून लावलंय."

"त्यांनी स्वस्तातलं पाहिलं, आई."

"स्वस्तच असनार. करीला कोन जातंय!"

साधनाला हसू आलं आणि तिथेच विरलं.

"मग पुढं ढकलू का तिकीट?" ती जरा घाईनेच म्हणाली. "कॉलेजला कळवते. आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर काय होतंय? नाहीतर पुढच्या वर्षी..."

बोलता बोलता तिचा हात बॅगेच्या चेनीवर गेला होता. चेन अर्धी उघडलीसुद्धा. नंदाबाईंचं बोट थांबलं. त्या सुनेच्या हाताकडे बघत राहिल्या.

लग्नाआधीपासून साधना छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांच्या भागांची ड्रॉइंग काढायची. पूर्ण गाडी तिच्या वाट्याला कधी आली नाही. कलू झाली, नोकरी सुटली. मग दुपारी पोर झोपली की मांडीवर पाट घेऊन ती कागदावर गाड्या काढत बसे. गेल्या पोळ्याला कलूसाठी काळ्या मातीचे बैल करताना तिचा अंगठा वशिंडावरून पाठीवर घसरत गेला आणि तिथेच थबकला. त्या दिवशी उरलेल्या मातीची तिने गाडी केली. इटलीतल्या तुरीनच्या कॉलेजातल्या बाईंनी मुलाखतीत विचारलं, खिडक्यांखालून गेलेली ही रेघ कुठून सुचली? वशिंडाला परका शब्द सापडेना, तेव्हा तिने फळीवरचा बैलच आणून कॅमेऱ्यासमोर धरला. मागून नंदाबाई ओरडल्या होत्या, "अगं, त्याचा कान तुटलाय, दुसरा दाखव!"

दोन वर्षांचा गाड्यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम, तोही शिष्यवृत्तीवर. बातमी ऐकून सगळं गाव विचारून गेलं. पोरीचं काय, तिकडं खाशील काय, परत येशील का. विचारलं नाही ते फक्त पाच वर्षांच्या कलूने. साधनाने तिच्यासाठी उत्तरं तयार करून ठेवली होती. रोज संध्याकाळी फोनवर दिसेन. उन्हाळ्यात येईन. बर्फाचे फोटो पाठवीन. पण कलू विचारतच नव्हती. आत्ताही ती पलंगाखाली पालथी पडून बैलाला शेपटी चिकटवत होती.

"चेन लाव," नंदाबाई म्हणाल्या.

"आं?"

"लाव म्हन्ते ना. तिकीटबिकीट काही हलवायचं न्हाई. याला आपल्यात तोड हाये. परस्थान ठेवू. आजचा दिवस चांगलाय. दिवे लागायच्या आत तुझी एक वस्तू बाहेर नेऊन प्रभावतीकडं ठेवायची. ती ठेवली की तू आजच निघाली. मंग परवा कर असू दे न्हाईतर काही."

"एवढं सोपं?"

"सोपं कुठंय? ठेवलेली वस्तू घरात माघारी आणायची नसती. पुढंच न्यायची. म्हनून इचार करून ठेव. जिच्याबिगर तिकडं तुझं बिलकुल चालायचं न्हाई, ती ठेव."

साधनाची नजर पलंगाखाली गेली. मातीने माखलेले दोन छोटे तळवे बाहेर आले होते.

नंदाबाई केव्हाच कालवून झालेला गेरू पुन्हा कालवू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "रंगाच्या पेनांचा डबा ठेव. अन् संगं नारळ."

समोरच्या घरातल्या प्रभावतीने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवला.

"इटलीचा रस्ता आमच्या घरातून जातो, हे आजच कळलं बाई! आमच्या ह्यांना सांगू नको, लगेच टोल लावतील." मग तिने साधनाच्या पाठीवर हात ठेवला. "जा, बराबर राखते."

उन्हं कलली. मामंजींनी बैल धुऊन अंगणात आणले. खांदेमळणी सुरू झाली. साधना हळद-लोणी घेऊन बैलाच्या खांद्याला चोळत होती आणि नंदाबाई दुसऱ्या बाजूने. मामंजी बैलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दरवर्षी हे बोलायला कलू त्यांच्या खांद्यावर चढलेली असे.

"कलू कुठंय?" साधनाने विचारलं.

नंदाबाई बैलाचा खांदा चोळत राहिल्या.

"साधना!" गल्लीपलीकडून प्रभावतीची हाक आली. "जरा इकडं ये गं."

साधना तशाच पिवळ्या हातांनी गेली. कोनाड्याखाली पाट होता आणि पाटाशी कलू उभी होती. वर पेनांच्या डब्याला खेटून एक कापडी पिशवी बसली होती. तिच्या तोंडातून कलूच्या निळ्या फ्रॉकची झालर बाहेर डोकावत होती. शेजारी सुपारी.

"मी इचारलं, कुणी पाठवलं गं तुला? तर बोलून न्हाई राह्यली," प्रभावती म्हणाली.

साधनाने पिशवीची गाठ पाहिली. दुहेरी, आवळून मारलेली, टोकं आत खोचलेली. पोरीच्या बोटांनी ती बसली नसती. अशी गाठ त्यांच्या घरात एकच हात मारत असे.

तिने वळून पाहिलं. गल्लीपलीकडे अंगणात नंदाबाई बैलाआड उभ्या होत्या. पदराचं टोक डोळ्यांना लावलेलं होतं आणि दुसरा हात अजून खांदा चोळत होता.

साधनाचा हात पिशवीकडे गेला. कलूने तिचं मनगट धरलं.

"हात नको लावू, मम्मी. माघारी न्यायची नसती."

"हो गं, राणी."

"तुझा डबा परवा जानार."

"हो."

"मंग माझी पिशवी कधी निघनार?"