सॉल्व्हेगचं बक्षीस

ऑर्विन ब्रेकेला जाऊन वर्ष व्हायच्या आतच त्याच्या दोन्ही लेकरांनी ते रिव्हॉल्व्हर स्वयंपाकघराच्या टेबलावर आणून भांडण मांडलं. एरवी दोघं एका ताटात जेवतील, पण रिव्हॉल्व्हर मध्ये आलं की ताट फेकून मारतील अशी गत होती. त्यांची आई, सॉल्व्हेग, त्यांच्याकडे पाठ करून तव्यावर लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्या, उलटत होती. कुणी तिला काही विचारलं नव्हतं, म्हणून ती काही बोललीही नव्हती.

"विकून टाकू," गार्थ म्हणाला. "न वापरलेलं आहे म्हणून आज त्याला मागणी आहे. आणि आई शहरात, बिलिंग्जला आमच्याकडे राहायला आली की ते ठेवणार कुठे? घरात पोरं हुंदडतात माझी."

"मी येतेय असं तुला कुणी सांगितलं?" सॉल्व्हेगने तव्यावरची नजर न काढता विचारलं.

"आई, तू थांब जरा," लोर्ना म्हणाली. "हे बघ गार्थ, बाबांची आठवण आहे ती. माझ्या दिवाणखान्यात भिंतीवर लावीन मी. दर थँक्सगिव्हिंगला ते पांढरे हातमोजे घालून पेटी कशी उघडायचे, आठवतं ना?"

सॉल्व्हेगला आठवत होतं. विसरेल कशी? अक्रोडाच्या लाकडाची पेटी, वर काचेचं झाकण, आत जांभळी मखमल, आणि तिच्यावर निजवलेलं ते निळसर काळं रिव्हॉल्व्हर. नळीवर वेलबुट्टी कोरलेली. झाकणाखाली चांदीची पट्टी, तिच्यावर 'जत्रेतील नेमबाजी, प्रथम क्रमांक, मिसेस ऑर्विन ब्रेके'. हातमोजे घातलेला ऑर्विन पाहुण्यांना सांगायचा, "लांबून बघा, श्वाससुद्धा लागू देऊ नका." पाहुणे लांबून बघायचे, मग टर्की खायला बसायचे. तो नेम कुणी धरला होता हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

नेम सॉल्व्हेगने धरला होता. तेव्हा तिची तिशी नुकतीच उलटली होती आणि हातात बापाचं जुनं, मूठ झिजलेलं रिव्हॉल्व्हर होतं. जत्रेतल्या त्या मैदानात बाकी सगळे पुरुष. पहिल्या फेरीला ते हसले, दुसऱ्या फेरीला गप्प झाले आणि शेवटच्या फेरीनंतर टोप्या काढून उभे राहिले. पट्टीवर तिचं नाव का नाही, असं तिने विचारलं तेव्हा आयोजक म्हणाला, "आहे की, मिसेस लिहिलंय ना!"

तेही तिने गिळलं. जे गिळता आलं नाही ते पुढच्या महिन्यात घडलं. ऑर्विनने तिच्या बापाचं रिव्हॉल्व्हर गुरांच्या बाजारात विकून टाकलं. "आता तुला नवं मिळालंय की, जुनं कशाला?" आणि नवं झाडायला काढायचं म्हटलं तर, "वेडी झालीस? एक गोळी झाडलीस की कचरा झाला त्याचा!" दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि चणे आले ते काचेत. नवरा वाईट नव्हता. बर्फात अडकलेल्या वासरासाठी रात्ररात्र जागणारा माणूस होता. पण या एका बाबतीत तो दांडगाईने वागला, आणि सॉल्व्हेगने त्याला त्याबद्दल माफ केलेलं नव्हतं. काडतुसांचा डबा तिने शिवणाच्या यंत्राच्या खणात अजून ठेवला होता.

अकराच्या सुमाराला ड्रेक्सलर आला. जुन्या बंदुकांचा व्यापारी, गार्थने बोलावलेला. अंगणातला चिखल बुटांना थापून आला होता, पण पेटी दिसताच गडी चर्चमध्ये शिरल्यासारखा हळू झाला. भिंग काढलं, स्वतःचे हातमोजे चढवले, आणि कॉफीला हातही न लावता रिव्हॉल्व्हर उजेडात धरलं.

"गोळ्यांच्या चक्रावर रेघ नाही," तो कुजबुजला. "चक्र एकदा जरी फिरवलं ना, तरी खालच्या खिट्टीने बारीक रेघ उमटते. इथे काही नाही. म्हणजे कुणी नुसतं फिरवूनसुद्धा पाहिलेलं नाही!"

"बाबांची शिस्त," गार्थ म्हणाला.

"मी विकणारच नाहीये," लोर्ना म्हणाली.

"ताई, विका नाहीतर ठेवा, फक्त हात लावू नका. आता गिऱ्हाइकाला सांगायला एक गोष्ट लागते. ऑर्विन ब्रेकेने जत्रेत हे जिंकलं आणि जन्मभर मोह आवरला. अशा गोष्टीला चढा भाव येतो."

"हो, तसंच सांगा," गार्थ म्हणाला.

सॉल्व्हेगने तवा खाली उतरवला. "कुणी जिंकलं म्हणालात?"

लोर्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं आई, तू काय नि बाबा काय, आता काय फरक पडतो? पट्टीवर ब्रेकेच लिहिलंय."

फरक पडतो की नाही, हे पोटच्या पोरीने ठरवून टाकलं होतं. सॉल्व्हेगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. विकायचं म्हणणारा आणि ठेवायचं म्हणणारी, दोघांचं एका गोष्टीवर घट्ट एकमत होतं, की आईचा यात काही संबंध नाही. तिने कणकेचे हात फडक्याला पुसले, तेही अर्धवट, आणि ड्रेक्सलरच्या हातातून रिव्हॉल्व्हर काढून घेतलं.

"ब्रेकेबाई! हातमोजे!"

"हात माझेच आहेत," ती म्हणाली आणि अंगठ्याने घोडा मागे ओढला. चक्र फिरलं. ड्रेक्सलरच्या तोंडून जो आवाज निघाला तो एरवी पाय मुरगळल्यावर निघतो.

"आई, हे काय केलंस? रेघ पडली ना!" गार्थ ओरडला.

"पडू दे. तो काडतुसांचा डबा दे, शिवणाच्या यंत्राच्या खणातला. नको, राहू दे, मीच घेते."

ती मागच्या दाराने बाहेर पडली. मागून ती तिघं चिखल तुडवत निघाली. कुंपणाच्या खांबावर तिने कॉफीचा रिकामा डबा ठेवला, मागे फक्त टेकडी आणि विरघळणारा बर्फ. चक्रात पाच काडतुसं भरली, चुकून बार उडू नये म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवलं, जसं बापाने शिकवलं होतं. मग उभी राहिली, दोन्ही हातांनी नेम धरला आणि चाप ओढला.

आवाजाने कावळे उडाले. डबा मात्र जागचा हलला नाही. खांबाच्या पार खालच्या बाजूचा कपचा उडाला होता.

गार्थ हळूच म्हणाला, "आई, वय झालं आता. चल आत."

सॉल्व्हेगचे कान तापले. तिने पुन्हा झाडली. पुन्हा खाली, त्याच कपच्याच्या शेजारी. हात चुकत असता तर गोळ्या विखुरल्या असत्या. तिने नळीच्या टोकाकडे पाहिलं. नेम धरायचा तो बारीक उंचवटा, ज्याला माशी म्हणतात, तो चांगला उंच होता. आणि बापाचा आवाज तिच्या कानात आला, आपलं ते जुनं रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन बसलेला बाप. कारखाना माशी मुद्दाम उंच ठेवतो, सॉल्व्हेग. ज्याचं शस्त्र त्याने ती आपल्या डोळ्याप्रमाणे कानसायची असते.

म्हणजे इतकी वर्षं हे कुणाचंच झालं नव्हतं. ना ऑर्विनचं, ना तिचं.

तिने उरलेली काडतुसं काढून खिशात टाकली. "गार्थ, गोठ्यातली बारीक कानस आण."

ड्रेक्सलर आडवा आला. "बाई, ऐका माझं. गोळी झाडलीत, ठीक आहे, अजूनही याला गिऱ्हाईक मिळेल. पण कानस लावलीत तर संपलं. ते परत जोडता येत नाही."

"आई, प्लीज," लोर्ना रडवेली झाली. "बाबांनी किती जपलं होतं!"

"त्याने जपलं, मी जिंकलं. जपायला मी त्याला कधी सांगितलं होतं?" तिचा आवाज चिरका झाला. "माझ्या बापाचं विकलं त्याने, आणि हे मला हात लावू दिलं नाही. आता तुम्हीही मला विचारत नाही. गार्थ, कानस!"

गार्थने आईकडे पाहिलं, मग ड्रेक्सलरकडे, आणि गोठ्याकडे गेला.

खांबाला टेकून ती कानसू लागली. काळ्या रंगाखालून पांढरं पोलाद उघडं पडत गेलं. ड्रेक्सलरने तोंड फिरवलं. थोडं कानसलं, एक झाडली, खालीच. पुन्हा थोडं कानसलं, पुन्हा एक झाडली. या खेपेला डब्याखालच्या लाकडाचा तुकडा उडाला आणि डबा डुगडुगला. हात आता दुखत होते, मनगटात कळ येत होती, पण तिला कुणी थांबवायला धजलं नाही. अजून दोन घासे मारले, माशीवर फुंकर घातली, नेम धरला.

डबा उडाला आणि बर्फात जाऊन पडला.

लोर्ना रडता रडता हसली. गार्थ धावत जाऊन डबा घेऊन आला आणि भोकात बोट घालून बघत राहिला, लहान असताना बघायचा तसाच.

"आता हे कुणी घेणार नाही, ब्रेकेबाई," ड्रेक्सलर म्हणाला. "आता हे नुसतं रिव्हॉल्व्हर झालं."

"मग माझं काम झालं." सॉल्व्हेगने ते एप्रनच्या खिशात घातलं आणि घराकडे वळली. "या आत, लेफ्से गार होतील. आणि ड्रेक्सलर, रिकाम्या हाताने जाऊ नका, ती पेटी घेऊन जा. चांगली आहे, पट्टीसकट. ज्या 'मिसेस ऑर्विन'चं नाव तिच्यावर आहे, तिने एकही गोळी कधी झाडली नाही. झाडल्या त्या सॉल्व्हेगने."