हचवरचा थॉमस

मी एक जुनी ओकच्या लाकडाची पेटी आहे, मित्रांनो. मार्केट ऑल्डन गावच्या चर्चमध्ये, उत्तरेकडच्या भिंतीशी, सहाशे वर्षं एकाच जागी बसून आहे. कंटाळा येत नाही का, असं विचाराल. येतो की! म्हणून तर मी कान लावून सगळ्यांचं बोलणं ऐकते.

सुताराने एक अख्खं खोड पोखरून मला घडवलं आणि वर भक्कम झाकण बसवलं. मग मला तीन कुलपं लावली. एक किल्ली पाद्रीबाबांकडे, दोन चर्चच्या दोन कारभाऱ्यांकडे. तिघे एकत्र जमल्याशिवाय मी उघडायची नाही. एवढा त्यांचा एकमेकांवर विश्वास! गावातल्या प्रत्येक बारशाची, लग्नाची, मरणाची नोंद माझ्या पोटात असायची आणि मी तिला कधी उंदीर लागू दिला नाही. तेव्हा माझा केवढा मान होता! पुढे त्या नोंदवह्या जिल्ह्याच्या गावी नेल्या. माझ्यात आता फुलदाण्या, सुतळीची गुंडाळी आणि नाताळच्या देखाव्यातलं एक लाकडी गाढव असतं.

गेल्या मे महिन्यात, एका बुधवारी, एनिड हच नावाची साठीची बाई न्यूझीलंडहून आली. आल्या आल्या तिने विनी थ्रेडगोल्डला गाठलं. विनी चर्चमध्ये फुलं लावते. वय चौऱ्याऐंशी, आणि तोंड एक क्षण बंद नाही.

"माझे बाबा त्र्याण्णव वर्षांचे आहेत," एनिड म्हणाली. "अंथरुणाला खिळलेत. सारखं एकच विचारतात, आपण मूळचे कुणाचे? शनिवारी मला परत निघायचंय, आणि हातात हा एवढाच कागद."

कागदावर तिच्या घराण्याच्या मूळ पुरुषाच्या, १७८९ सालच्या बारशाची नोंद उतरवलेली होती: 'थॉमस, हचवरचा.' आईबापाचं नावच नव्हतं.

"मळ्यावरचा म्हणतात ना, तसं असेल," एनिड म्हणाली. "हच नावाचं एखादं शेत. नाहीतर खानावळ."

"असलं शेत मी तरी ऐकलं नाही," विनी म्हणाली. "आणि मी ऐकलं नाही असं या गावात फार थोडं आहे."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण लाकडाला तोंड कुठलं!

शनिवारी सकाळी एनिड दमूनभागून आली आणि माझ्यावरच बसली. पाठोपाठ विनी बादलीभर फुलं घेऊन आली.

"मिळालं का गं काही?"

"कुठलं काय! जुने नकाशे पाहिले, दोन खानावळी पालथ्या घातल्या. गुरुवारच्या बाजारात चीजवाल्याला विचारलं, हच कुठे आहे हो? तर म्हणाला, तिसऱ्या दुकानात मिळेल, येताना ससाही घ्या!"

विनी खो खो हसली. आमच्याकडे हल्ली हच म्हणजे सशाचा पिंजरा.

"शाळेत मला ससुली म्हणून चिडवायचे," एनिड म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "काय सांगू मी बाबांना? दोन तासांनी माझी बस आहे."

"रडू नकोस बाई. थर्मासमधला चहा देते तुला. पण आधी त्या हचवरून ऊठ. मला फुलदाण्या काढू दे."

एनिड जागची हलली नाही. "कशावरून ऊठ म्हणालात?"

"या पेटीवरून गं. माझी आजी हिला हचच म्हणायची. आता कुणी..." विनीचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. "अगं बाई! हचवरचा!"

एनिड ताडकन उठून माझ्याकडे बघू लागली.

"शेत नाही की मळा नाही," विनी हळूच म्हणाली. "कुणी मूल चर्चमध्ये ठेवून गेलं, की ते जिथे सापडलं त्या जागेचंच नाव त्याला लावायचे. आमच्या गावात पोर्च आडनावाची माणसं आहेत, ती काय उगाच?"

होय मित्रांनो, तसंच झालं होतं. मार्चमधला बाजाराचा दिवस होता. एक पोरसवदा बाई आत आली. ॲप्रनमध्ये गुंडाळलेलं बाळ तिने माझ्या झाकणावर ठेवलं. ती दारापर्यंत गेली, परत आली, बाळाचे उघडे पाय झाकले आणि गेली. तिचं नाव मला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

एनिडने तिथूनच फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण म्हातारा जागाच होता. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्याने बोलतो; मलाही सगळं ऐकू येत होतं. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, आपण कुणाचे ते आता कधीच कळायचं नाही. इथे नुसती एक पेटी आहे."

 म्हाताऱ्याने विचारलं, "तिचं झाकण सपाट आहे का गं? पोरगं घरंगळलं तर नसेल?"

एनिडने दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. "सपाट आहे, बाबा. चांगलं रुंद आहे."

"मग ठीक आहे," म्हातारा म्हणाला. "बरी जागा बघून ठेवलं म्हणायचं तिनं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी तर कराच. पण त्यांची जुनी नावंही घरातल्या म्हाताऱ्यांकडून वेळेवर विचारून घ्या. आम्हाला स्वतःहून काही सांगता येत नाही. नाहीतर त्या दिवशी मीच एनिडच्या बाबांना सांगितलं असतं, की पोरगं घरंगळलं नाही हो, लोक येईपर्यंत माझ्यावर गाढ झोपलं होतं.