टाचण्यांची डबी आणि जांभळं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची डबी आहे. माझ्या झाकणाला एक पोचा आहे. स्वभावालाही आहे, पण तो बाहेरून दिसत नाही.

कारखान्यात एका ठोक्यात माझा जन्म झाला. पुढे मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे आले आणि नऊ वर्षं टाचण्या सांभाळल्या. पोटात टाचण्या बाळगून स्वभाव गोड ठेवून बघा, म्हणजे कळेल.

मग बाईंचा स्तनाचा कर्करोग, जो गेला असं सगळे धरून चालले होते, तो पाठीच्या हाडांत परत उगवला. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली. बाईंनी गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापली आणि एकेक चौकोन माझ्यात रचला. टाचण्या गेल्या बरणीत. मला बढती मिळाली! पावणेदोन वर्षं रोग जागचा हलला नाही. बाई मला मऊ चिंधीनं पुसायच्या आणि म्हणायच्या, "गुणाची गं माझी डबी." श्रेय खरं तर गोळीचं होतं. पण गोळी काही बोलली नाही, म्हणून मी ते ठेवून घेतलं.

एका तपासणीत हाडांतल्या गाठी वाढलेल्या दिसल्या. रोग माझ्या गोळीला चकवायला शिकला होता. डॉक्टर म्हणाले, "आता नवी गोळी सुरू करू."

आणि ती आली. प्लॅस्टिकची बाटली, जांभळं झाकण. दाबून फिरवल्याशिवाय उघडायचीच नाही. यालाच भाव खाणं म्हणतात. आत कापसाचा बोळा! मित्रांनो, माझ्यात आजवर कुणी कापूस घातलेला नाही.

बाईंचा एक नियम होता. नवी कात्री आली की जुनीनं कागद कापायचा. त्याच नियमानं त्यांनी माझे चौकोन खणात ओतले आणि माझ्यात पुन्हा टाचण्या भरल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. कात्रीचं कुणी डॉक्टरांना विचारतं का?

मी जळले. स्टील असूनही जळले. रोज सकाळी 'फिस्कटू दे हिचं' असं म्हणत राहिले. पाचव्या दिवशी बाईंच्या तोंडात फोड आले. बाटली बदनाम झाली म्हणून मी खूश! मग बाईंची लेक चमच्यानं गार भात भरवू लागली आणि बाई डोळे मिटून एकेक घास गिळू लागल्या. तेव्हा लक्षात आलं, फोड बाटलीच्या तोंडात नव्हते.

अकराव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला. लेकीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"काकू, फोडांचं औषध देते, गुळण्या करा. आणि जुनी गोळी चालू आहे ना?"

"ती? ती तर काढून टाकली."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. नवी आली ना..."

"अहो काकू! दोन्ही मिळून घ्यायच्यात. रोगानं जुन्या गोळीला चुकवायला मागची वाट शोधलीय. नवी ती वाट अडवते. पण पुढचं दार धरायला जुनी हवीच. एकटीनं जमणार नाही."

लेक ओरडली, "आई, डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं गं! कापड बेतायला घेतलास ना तो?"

बाई मशीनकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे वरचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा. मी अकरा दिवस एकाच दोऱ्यानं शिवत होते."

"तसंच समजा," सिस्टर म्हणाल्या. "आजपासून दोन्ही. आणि उद्या येऊन डॉक्टरांना भेटा."

टाचण्या बरणीत परतल्या. चौकोन माझ्यात आले. मला जांभळ्या झाकणाला अगदी खेटून ठेवण्यात आलं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. रोग गेला नव्हता, पण वाढलाही नव्हता. बाईंनी मशीनचं पायडल इतक्या जोरात हाणलं की आम्ही दोघी फळीवर नाचलो. बाई म्हणाल्या, "शाब्बास गं दोघी!"

दोघी. मी दिवसभर विचार केला. 'दोघी'मध्ये पहिली कोण?

मित्रांनो, एवढंच मागते. नवं आलं म्हणून जुनं औषध मनानं बंद करू नका. आधी विचारा. घरी कुणी गोळ्या घेत असेल, तर त्यांचा कागद एकदा वाचून दाखवा, कापड बेतायच्या आधी. आणि आम्हा डब्यांना अधूनमधून पुसत जा.

मी अजून जळते. पण रोज सकाळी बाईंचा हात आधी त्या बाटलीकडे गेला, की मी मनात एकच म्हणते: आता माझ्याकडे या. विसरू नका. या.