पहिल्या चौकोनातली खूण

मित्रांनो, लोक मला पॅड म्हणतात, पण मी मूळचा पुठ्ठा. जुना, तपकिरी, डोक्यावर गंजका चिमटा. ताठ उभं राहण्याची ताकद आता नाही, म्हणून कपाटावर आडवा पडूनच बोलतो. चालवून घ्या.

लाकडाचा भुगा भिजवून, दाबून, तापवून मला घडवलं. मग मी एका मोठ्या लाँड्रीत आलो. हॉटेलांच्या चादरी तिथे दिवसभर धुवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. माझी जागा कामगारांच्या तब्येतीच्या तपासणीच्या खोलीत, नर्सच्या, म्हणजे सिस्टरच्या टेबलावर.

माझ्यावर रोज फॉर्म लागत. दोन कागद आणि मध्ये कार्बन. मालकांनी ते कुठूनतरी इंग्रजीत छापून आणले होते. आज कसं वाटतंय, असा प्रश्न आणि खाली चार चौकोन: टायर्ड, स्लीपी, एक्झॉस्टेड, वीक. नवं कुणी गोंधळलं की जुने सांगत, "अहो, सगळं एकच! थकणं ते थकणं. पहिल्यावर खूण करा, पाव तास बाकावर बसायला मिळतं. खालच्यांवर केलीत तर डॉक्टरकडे धाडतात, दिवस गेला!" झालं, सगळी लाँड्री टायर्ड.

मला हसू येई आणि वैतागही. अहो, सगळे माझ्यावरच हात टेकून लिहीत ना! टायर्ड माणसाचा हात जड, पण खूण ठसठशीत. जरा बसला की तो पुन्हा कामाला तयार. स्लीपी माणसाची पेन्सिल चौकोनातून घसरत बाहेर जायची. एक्झॉस्टेड माणूस आधी दोन्ही कोपरं माझ्यावर टाकायचा, त्याच्यात काही उरलेलंच नसायचं, त्याला पाव तास काय पुरणार? आणि वीक, म्हणजे अशक्त? त्याचा भारच लागत नसे. हात चार तऱ्हांचे आणि खुणा एकाच चौकोनात. पण सांगणार कसं? पुठ्ठ्याला तोंड कुठे असतं!

घड्या घालणाऱ्या मावशी माझ्या लाडक्या. आल्या की मला टपली मारत. "काय पुठ्ठोबा, दमलास की नाही?" आणि खूण अशी दाबून करत की माझ्या अंगावर वळ उठे.

मग हळूहळू टपली बंद झाली. मावशी चार पायऱ्या चढून आल्या तरी दाराला धरून उभ्या राहू लागल्या. वळ उठेनासा झाला. खूण मात्र पहिल्याच चौकोनात. "वय झालं, दुसरं काय? थकायचंच," असं त्या बाकावरच्यांना सांगत. मी आतल्या आत कासावीस होत होतो. सिस्टर मान खाली घालून कागद फाइलला लावत होती.

एक दिवस तिने सहज खालचा कागद पाहिला. कोरा!

"मावशी, जरा दाबून करा हो. खाली काही उठलंच नाही."

मावशींनी पुन्हा खूण केली. कागद कोराच.

"दाबतेय की गं," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे सिस्टरने मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"झोप लागते का?"

"लागते की, मेल्यासारखी. पण उठते तीच अशी. काल तर चादर धरायला हात वर जाईना."

"मावशी, हे दमणं नव्हे. दमलेला माणूस झोपून उठला की बरा होतो." सिस्टरने खूण खोडली आणि चौथ्या चौकोनात स्वतः केली.

"अगं, दिवस जाईल माझा!"

"जाऊ दे. तुम्ही राहायला हव्यात."

मावशींच्या अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. आणखी आठवडा गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी सिस्टरने जुन्या फायली काढल्या. मावशींचे तीन महिन्यांचे खालचे कागद जवळजवळ कोरे होते. "माझ्याच हातांनी लावले गं मी हे," असं स्वतःशी म्हणत ती माझ्यावर डोकं टेकून रडली.

आता फॉर्मच्या जागी भिंतीवर टचस्क्रीनचा पडदा आहे. बोट टेकवलं की काम झालं. बोट जड की हलकं, हे त्याला कळत नाही. मला कुणी हात लावत नाही. माझे कोपरे फुगलेत, चिमटा ढिला झालाय. मी टायर्ड नाही, आराम तर ढीगभर आहे. मी झिजलोय, आणि झोपून ते भरत नाही. असो. पुठ्ठ्याचं काय एवढं!

पण मित्रांनो, घरात कुणी "थकले रे" म्हणालं, तर "मीपण" म्हणून पुढे जाऊ नका. थांबा. झोपून उठल्यावर बरं वाटतं का, एवढं तरी विचारा.

हां, पडदा यायच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. दोन महिन्यांनी मावशी बऱ्या होऊन परत आल्या. आधी मला टपली! दिवसभर घड्या घातल्या आणि सुट्टी व्हायच्या आधी फॉर्म मागितला. चारही चौकोन सोडून त्यांनी खाली आपल्या अक्षरांत लिहिलं, "आज नुसती दमले." इतकं दाबून लिहिलं, की कार्बनखालचा कागद फाटला. ती अक्षरं माझ्या अंगावर अजून आहेत. बोट फिरवून बघा.