हिमानी, फेम्के आणि मधला अंतरपाट

मित्रांनो, मी आता जुना झालेला एक अंतरपाट आहे. लग्नात मंगलाष्टका संपेपर्यंत दोघांच्या मध्ये जे वस्त्र धरतात, ते मी. पुण्यात सुचेताताईंच्या लग्नासाठी मला पांढऱ्या रेशमातून शिवलं. पुढे त्यांचे यजमान शैलेंद्र आइंडहोव्हनला नोकरीला लागले आणि मीही त्यांच्या बॅगेतून नेदरलँड्सला आलो. तेव्हा इथल्या मराठी घरांत दुसरा अंतरपाट नव्हता. मास्ट्रिख्टपासून ग्रोनिंगनपर्यंत लोक मला मागून न्यायचे, माझं कौतुक करायचे. मग ज्याच्या त्याच्याकडे नवे, नावं छापलेले अंतरपाट आले आणि मी कपाटात स्वेटरांखाली पडून राहिलो.

एके दिवशी सुचेताताईंच्या मुलीने, हिमानीने, सांगितलं की ती फेम्केशी लग्न करणार आहे. फेम्के तिची मैत्रीण, इथलीच डच मुलगी. या देशात दोन मुलींचं लग्न कायद्याने कधीचंच मान्य आहे. नगरपालिकेत लग्न लागल्याशिवाय धार्मिक विधी करायचा नाही, हाही इथला कायदाच. नगरपालिकेने त्यांना तारीख दिली. पण हिमानीला त्यानंतर मीही हवा होतो.

सुचेताताई म्हणाल्या, “कायद्याने लग्न होतंय ना? मग त्यात देवधर्म कशाला?”

एरवी डचमध्ये उत्तर देणारी हिमानी त्या दिवशी सावकाश मराठीत बोलली. “आई, तिथे माझा हक्क आहे. इथे तुझा आशीर्वाद हवाय. तो हक्काने कसा मागू?”

ताईंनी कपाट लावून घेतलं. मी आत विचार करत राहिलो. माझ्या दोन्ही बाजूंना कोण उभं असावं, हे मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

इथल्या मराठी मंडळींतले गुरुनाथकाका इंजिनिअर, पण सुट्टीच्या दिवशी पूजा सांगायचे. हिमानीने त्यांना विचारलं, तर त्यांनी आठवडाभर पोथ्या पाहिल्या. मग घरी येऊन म्हणाले, “कन्यादान मी सांगू शकणार नाही. माझं मन तयार होत नाही. पण मंगलाष्टका म्हणजे आशीर्वाद. त्या तर घरचं कोणीही म्हणू शकतं.”

हिमानीला वाईट वाटलं आणि तिने ते लपवलं नाही. शेजारी बसलेली फेम्के मात्र एकेक विधीचा अर्थ विचारत होती. माझ्याबद्दल ऐकल्यावर तिने विचारलं, “मग ते कापड धरतं कोण?”

सुचेताताई उठल्या, मला कपाटातून काढलं आणि इस्त्री तापायला ठेवली.

नगरपालिकेतलं लग्न आटोपून सगळे जवळच्या हॉलमध्ये आले. माझं एक टोक ताईंनी धरलं, दुसरं शैलेंद्रनी. एका बाजूला हिमानीचा, दुसऱ्या बाजूला फेम्केचा श्वास मला जाणवत होता. दोन्ही सारखेच घाबरलेले. ताईंनी मंगलाष्टक सुरू केलं आणि दुसऱ्याच कडव्यात त्यांची ओळ अर्ध्यावर थांबली. तेव्हा पाहुण्यांत बसलेल्या गुरुनाथकाकांनी पुढची ओळ उचलली. ते जागेवरून उठले नाहीत, पण शेवटपर्यंत म्हणत राहिले.

‘सावधान’ झालं. शैलेंद्रनी आपलं टोक सोडलं. ताईंनी क्षणभर धरून ठेवलं, लेकीकडे पाहिलं आणि मग सोडलं.

मित्रांनो, रेशमी वस्त्र घडीतच राहिलं की घडीवरच फाटतं. म्हणून मला अधूनमधून उलगडा, ऊन दाखवा. आणि कोणी मागायला आलं, तर नुसतं देऊन थांबू नका. एक टोक तुम्ही धरा.