चौकच्या खडकातला कोळी

सहादेव परभणीकडचा. बाविसाव्या वर्षापर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. पुढे मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि नवघरला भाड्याच्या खोलीत संसार मांडला. बाटल्या पुसायच्या, स्पिरिट बदलायचं, चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे त्याचं काम. अक्षर देखणं, म्हणून एक्याण्णव साल सरताना तिथे शिकवणाऱ्या मृणालिनी मॅडमनी त्याच्यावर वेगळंच काम सोपवलं. कोळ्यांचं डेसिडी नावाचं एक कुळ आहे. त्यातल्या जाती जगात कुठे कुठे सापडतात, याची नोंद त्यांना करायची होती. मॅडम पुस्तकांतून नाव आणि ठिकाण वाचत, सहादेव ते कार्डावर उतरवी आणि भिंतीवरच्या नकाशात टाचणी खोची.

पंधरा दिवसांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड टाचण्यांनी गच्च भरले. मग जपान, दक्षिण आफ्रिका, कुठली कुठली बेटं. कुळातले बरेचसे कोळी झाडांच्या साली आणि दगडांच्या फटी धरून राहणारे. पण त्यातली एक शाखा थेट समुद्राच्या खडकांत राहते, भरतीचं पाणी रोज डोक्यावरून जातं अशा जागी. भारताच्या वाट्याला दोनच टाचण्या आल्या, त्यातली एक लक्षद्वीपवर. आपला मुंबईकडचा किनारा कोराच राहिला. इकडे ते नाहीतच का, असं सहादेवने विचारलं.

"नाहीत असं कुणी लिहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आहेत असंही नाही."

ते बोलणं त्याच्या मनातून जाईना.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याची बायको मुक्ताबाई सुकट आणायला समुद्राकाठच्या चौक गावी निघाली, तर हाही बरोबर गेला. सकाळची ओहोटी होती. उघड्या पडलेल्या खडकांवर सरूबाई नावाची एक म्हातारी कालवं फोडत बसली होती. सहादेव तिच्याजवळ जाऊन बघत राहिला. तिने एक रिकामं शिंपलं उचकटलं, तसा आतून फिकट अंगाचा, पुढे लांब जबडे आलेला एक कोळी पळाला आणि शेजारच्या भेगेत शिरला.  सहादेव हात घालणार, तेवढ्यात म्हातारीने त्याला अडवलं.

"धरू नका, भाऊ. आता त्यो दार लावून बसंल. पाणी वर चढलं तरी त्याला काय व्हत न्हाय."

तिने हे लहानपणापासून पाहिलं होतं. त्यात सांगण्यासारखं काय, असा तिचा चेहरा. सहादेवचा मात्र विश्वास बसेना. त्याने भेगेपाशी खूण म्हणून चिंधी खोचली आणि मुक्ताबाईला म्हणाला, तू घरी जा, मी थांबतो. ती गेली नाही. कुरकुरत का होईना, वाळूत त्याच्याशेजारी बसली.

दहाच्या सुमारास पाणी खडकावर आलं. आधी भेग बुडाली, मग चिंधी, मग खडकच दिसेनासा झाला. त्याच्यावरून पुरुषभर लाटा जाऊ लागल्या. सहा तास दोघं बसून होती. सुईच्या टोकाएवढ्या काळजाचा तो जीव त्या पाण्याखाली काय करत असेल, या विचाराने सहादेवला जेवण सुचलं नाही. चार वाजता खडक पुन्हा वर आला. भेगेच्या तोंडाशी पांढऱ्या रेशमाचा घट्ट पडदा विणलेला होता. बाहेरून तो थबथबलेला. सहादेवने काडीने त्याची कड जराशी उचलली. आतली जागा कोरडी होती, आणि कोळी आठही पाय जवळ घेऊन निवांत बसला होता.

मुक्ताबाई वाकून बघत होती. ती म्हणाली, "अहो, याला दम कसा पुरला?"

  हलक्या हाताने सहादेवने पडद्याची कड परत बसवली.

पुढच्या रविवारी मॅडम स्वतः आल्या, गुडघाभर चिखलात उतरल्या आणि त्यांनी एकच कोळी सोबत नेला. तो परदेशी तज्ज्ञाकडे गेला. उत्तर यायला पावसाळा उलटला. कुळ तेच, शाखाही समुद्राचीच; पण नमुना अजून वयात आलेला नाही, जात ठरवायला मोठा नर हवा, असं पत्रात लिहिलं होतं.

सहादेव ते सांगायला सरूबाईकडे गेला. तुमच्या खडकातल्या कोळ्याचे भाऊबंद जपानात आहेत, आफ्रिकेच्या टोकाला आहेत, असं त्याने सांगितलं, तेव्हा तिने कालवांची पाटी खाली ठेवली.

"एवढा दर्या वलांडून गेलं कसं?"

"मावशी, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. मॅडमनाही नाही."

म्हातारी खडकांकडे वळली. ज्या खडकांवर तिचा जन्म गेला, तेच ती नव्याने बघत असावी. मग तिने सांगितलं, की पलीकडच्या तारोडी गावाच्या बाजूला काळा, याहून थोराड असा एक असतो. तो मात्र तिने दोनदाच पाहिला आहे.

ओहोटी अजून तासभर होती. सहादेवने चपला हातात घेतल्या आणि तिला वाट दाखवायला सांगितलं.